इंग्रजी वाचायला नियम असतात, मुलांना ते सांगत का नाही आपण?

वाचनवेडी:
बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सवडीने वाचा.

मी पुण्यात धायरीत संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचं इंग्रजी घेते, बहुतेक मराठी माध्यमाची, थोडी सेमीची. मुलं हुशार आहेत, व्याकरणाचे प्रश्न पटापट सोडवतात, पण धडा मोठ्याने वाच म्हटलं की आवाज एकदम खाली जातो आणि नवीन शब्द आला की थांबून माझ्याकडे बघतात. का थांबलास विचारलं की ठरलेलं उत्तर, "टीचर, इंग्लिशला नियमच नसतात, पाठ करावं लागतं." हे त्यांना आपणच सांगितलंय. पी-यू-टी पुट तर बी-यू-टी बट का, हे उदाहरण घरोघरी ऐकवतो आणि विषय तिथेच संपवतो. माझं ठाम मत आहे की हे चुकीचं आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये अपवाद भरपूर आहेत पण त्याखाली नियम आहेत, आणि ते नियम मराठी मुलाला चांगले समजतात कारण त्याला मुळाक्षरांची आणि उच्चाराची जाण बाराखडीतूनच आलेली असते.

पहिली अडचण सुरुवातीलाच होते. आपल्याकडे 'क' या अक्षराचं नाव पण क आणि आवाज पण क. इंग्रजीत नाव वेगळं, आवाज वेगळा. "सी ए टी कॅट" असं घोकून घेतलं की मुलाच्या हातात तीन नावं येतात, त्यांतून 'कॅट' कसा निघाला ते कळतच नाही, मग ते आख्खा शब्द चित्रासारखा लक्षात ठेवतं. चित्रं किती साठवणार? म्हणून आधी नावं बाजूला ठेवून आवाज सांगायचे, सीचा 'क्', एचा 'ॲ', टीचा 'ट्', आणि मग जोडायचे. अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४ आहेत, त्यामुळे काही आवाजांना दोन-दोन अक्षरं मिळून लागतात (एस-एच, सी-एच, टी-एच, डबल ई, ओ-ए वगैरे), हेही लगेच सांगायचं.

त्यानंतर मी मॅजिक ई घेते. सी-ए-पी कॅप, पुढे ई लावला की केप. के-आय-टी किट, ई लावला की काइट. एच-ओ-पी हॉप, ई लावला की होप. सी-यू-टी कट, ई लावला की क्यूट. शेवटचा ई स्वतः गप्प बसतो पण मागच्या स्वराला त्याचं नाव घ्यायला लावतो, ए-चं ए, आय-चं आय, ओ-चं ओ. हा एक नियम नीट बसला की मुलं पुस्तकातले कितीतरी शब्द न विचारता वाचतात.

मग याचीच दुसरी बाजू, ती आपल्याकडे कुणीच सांगत नाही. डबल अक्षर. आपली मुलं हॅप्पी, सम्मर, ॲप्पल, रन्निंग म्हणतात कारण मराठीत पक्का, गल्ला, अण्णा लिहिलं की खरंच जोर देऊन दोनदा म्हणायचं असतं. इंग्रजीत डबल अक्षराचा आवाज डबल होत नाही. ते फक्त सांगतं की मागचा स्वर आखूड ठेव. डी-आय-एन-ई-आर डायनर, मध्ये एन डबल केला की डिनर. एच-ओ-पी-आय-एन-जी होपिंग, पी डबल केला की हॉपिंग. एस-यू-पी-ई-आर सूपर, पी डबल केला की सपर. मी फळ्यावर दोन-दोन शब्द शेजारी लिहिते आणि मुलांना फक्त मधल्या अक्षराला गोल करायला लावते. दोन दिसले की स्वर आखूड, एक दिसलं आणि पुढे स्वर असला की बहुतेक वेळा लांब. 'रॉबिन' आणि 'लिमिट'सारखे शब्द हा नियम पाळत नाहीत तेही सांगते, मुलांना अपवाद सांगितलेला चालतो, लपवलेला चालत नाही.

सी आणि जीचा नियमही असाच सरळ आहे. पुढे ई, आय किंवा वाय आला तर सीचा स होतो, एरवी क. सेंट, सिटी, सायकल एका बाजूला आणि कॅट, कॉट, कट दुसऱ्या बाजूला. 'सक्सेस' शब्दात डबल सी आहे, पहिल्या सीपुढे सी म्हणून तो क, दुसऱ्यापुढे ई म्हणून तो स. 'ॲक्सिडेंट'ही तसाच. हे फळ्यावर फोड करून दाखवलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हा वर्ग घेते. जीचंही तेच, जेम, जायंट, जिम, फक्त तिथे गेट, गिव्ह, गर्ल, गिफ्ट असे रोजचे अपवाद जास्त आहेत. आणि म्हणूनच गाइड, गिटार, गेस यांत जीनंतर यू घुसवलेला असतो, ग चा ज होऊ नये म्हणून तो राखणीला बसवलाय.

तुम्ही घरी, शाळेत, क्लासमध्ये काय करता ते लिहा. अडचणीही लिहा.

सेमीवाली_आई:
ताई खूप उपयोगी लिहिलंत, माझी मुलगी तिसरीत आहे आणि आमच्या भागात फोनिक्सचे (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवायचे) क्लास निघालेत पण फी ऐकून मी परत आले, त्यामुळे घरीच करायचं ठरवलंय. मॅजिक ई तिला कालच सांगितला आणि तिने लगेच एच-ए-व्ही-ई ला 'हेव्ह' वाचलं, मग गिव्हला 'गाइव्ह', आणि मला म्हणते आई तुझा नियम चुकलाय. काय सांगू?

वाचनवेडी:
तिने नियम लावला म्हणजे तिला तो समजलाय, आधी शाबासकी द्या.

आता तिला सांगा की इंग्रजीत शब्दाचा शेवट व्ही अक्षरावर करत नाहीत. म्हणून हॅव, गिव्ह, लव्ह, ॲबव्ह सगळ्यांच्या शेवटी ई चिकटवलाय, तो मॅजिक करायला नाही, व्हीला आधार द्यायला आहे. त्यामुळे व्ही-ई ने संपणारा शब्द दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघायचा, केव्ह-गेव्ह-फाइव्ह-ड्राइव्ह यांत मॅजिक चालतो, हॅव-गिव्हमध्ये नाही. एल-आय-व्ही-ई तर दोन्ही आहे, राहणे या अर्थी लिव्ह आणि थेट प्रक्षेपणाचं लाइव्ह.

फोनिक्सच्या महागड्या किटची गरज नाही. अप्पा बळवंत चौकात तीन-तीन अक्षरी शब्दांची साधी पुस्तकं मिळतात, नाहीतर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही स्वतः लिहा. एक करा, खोटे शब्दही लिहा. 'डिप' आणि 'डाइप', 'मॅब' आणि 'मेब' असे, अर्थ असो नसो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या वयाच्या मुलांची जी वाचनचाचणी होते तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यातले २० मुद्दाम बनवलेले निरर्थक असतात, म्हणजे मूल पाठांतरावर वाचतंय की अक्षरं जोडून ते कळतं.

निवृत्त_हेडसर:
नमस्कार. मी अनेक वर्षं जिल्हा परिषदेच्या आणि नंतर खाजगी शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून थोडं विरोधी बाजूने लिहितो, गैरसमज नसावा.

२००० सालापर्यंत आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होतं, त्यानंतर पहिलीपासून आलं. पाचवीच्या मुलाला नियम सांगितला तर समजतो, तोवर मराठी वाचन पक्कं झालेलं असतं. सहा वर्षांच्या मुलाला एकीकडे काना-मात्रा आणि दुसरीकडे मॅजिक ई असं सांगितलं तर दोन्हीचा घोळ होतो असा माझा अनुभव आहे. दुसरं असं की ज्या मुलाच्या कानावर घरी इंग्रजी अजिबात पडत नाही त्याने नियमाने 'काइट' वाचलं तरी काइट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. नियमाआधी कान तयार झाले पाहिजेत, गाणी, गोष्टी, सूचना, सगळं तोंडी. आणि तिसरं, लिहिण्याचं काय? वाचन नियमाने जमेल, पण 'मीट' हा आवाज ऐकून एम-ई-ई-टी लिहायचं की एम-ई-ए-टी हे कोणता नियम सांगणार? तिथे पाठांतर आणि डिक्टेशन लागतंच. आमची पिढी त्यावरच शिकली.

वाचनवेडी:
सर, पहिले दोन मुद्दे पूर्ण मान्य. कान आधी, डोळे नंतर. माझी मुलं आठवीच्या पुढची आहेत, लहानांना मी शिकवत नाही, त्यामुळे पहिलीच्या बाबतीत तुमचा अनुभव मोठा आहे.

तिसऱ्याबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या दिशा आहेत आणि लिहायची दिशा अवघड आहे, हे खरंच. पण ती सुद्धा अगदी बिननियमाची नाही. १९६६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सुमारे १७ हजार शब्द घेऊन कॉम्प्युटरला फक्त आवाजावरून स्पेलिंग करायला लावलं होतं. जवळपास निम्मे शब्द बिनचूक आले आणि आणखी ३७ टक्के शब्दांत एकेकच चूक होती. म्हणजे डिक्टेशनमध्ये पाठ करायचा तो आख्खा शब्द नसतो, त्यातली एक जागा असते. मी मुलांना शब्द पाठ करायला देते तेव्हा ती जागा लाल पेनाने रंगवायला सांगते. 'फ्रेंड'मध्ये फक्त आय-ई लाल. बाकीची अक्षरं आवाजावरून येतात.

भाषावेल्हाळ:
मी भाषाविज्ञान शिकलेय, डेक्कन कॉलेजच्या लायब्ररीत दिवसचे दिवस काढलेत, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

आधी तो पुट-बट. जुन्या इंग्रजीत या यूचा उच्चार सगळीकडे उ-च होता, बट म्हणजे 'बुट', कप म्हणजे 'कुप'. साधारण सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा उ बदलून अ-कडे सरकला, पण पी, बी, एफ अशा ओठांच्या अक्षरांनंतर तो पुष्कळदा तसाच राहिला. पुट, पुश, पुल, बुल, बुश, फुल, पुडिंग, बघा सगळे ओठांचेच शब्द आहेत. ओठ गोल झालेले असतात, उ टिकून राहायला सोपं जातं. बट, फन यांनी मात्र मार्ग बदलला, त्यामुळे हा पक्का नियम नाही, कल आहे. उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल पोचलाच नाही, तिथले लोक आजही 'बुस' आणि 'कुप' म्हणतात. म्हणजे ज्या उदाहरणावरून आपण इंग्रजीला वेडी भाषा ठरवतो ते उदाहरण स्वतःच कारणासहित आहे.

मॅजिक ईचंही तसंच. चौदाव्या शतकात एन-ए-एम-ई चा उच्चार 'नाम' आणि शेवटी ओझरता अ असा होता, टी-आय-एम-ई चा 'टीम' आणि अ, हाउसचा 'हूस'. तो ई तेव्हा ऐकू यायचा. पुढे शेवटचा ई गळाला, आणि साधारण पंधराव्या ते अठराव्या शतकाच्या दरम्यान सगळे दीर्घ स्वर जागेवरून हलले, आ चा ए झाला, ई चा आय, ऊ चा आउ. नेमकं याच सुमारास विल्यम कॅक्सटनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंग हळूहळू छापील साच्यात बसत गेलं. उच्चार पुढे सरकत राहिले, स्पेलिंग तिथेच थांबलं. के-एन-आय-जी-एच-टी मधला के पूर्वी म्हणायचे, आणि जी-एच घशातून काढायचे, ते आवाज गेले पण अक्षरं छापलेली राहिली.

सगळीच सायलेंट अक्षरं अशी जुनी नाहीत हं. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी कधीच उच्चारला जात नव्हता, फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हताच. पुढे पंडितांना लॅटिन 'डेबिटम'शी नातं दाखवायचं होतं म्हणून त्यांनी बी घातला. 'आयलंड'मधला एस तर चुकीच्या नात्यावरून घुसवलेला आहे.

आणि ते जी-एच-ओ-टी-आय म्हणजे 'फिश' असं जे फॉरवर्ड फिरतं, की इनफ मधला जी-एच, विमेन मधला ओ, नेशन मधला टी-आय. ते बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात पण ते १८५५ च्या एका पत्रात सापडतं, आणि शॉचा जन्म १८५६ चा. मुख्य म्हणजे नियम माहीत असलेला माणूस ते फिश वाचूच शकत नाही. जी-एच शब्दाच्या सुरुवातीला कधीच फ होत नाही, तिथे तो ग असतो, घोस्टमध्ये असतो तसा. टी-आयचा श पुढे स्वर असेल तरच होतो, शब्दाच्या शेवटी नाही. हे फॉरवर्ड उलट वाचनवेडी यांचंच म्हणणं सिद्ध करतं.

हिंजवडी_शटल:
भारी धागा. मी आयटीत आहे, रोज परदेशी क्लायंटबरोबर कॉल असतात, तर मला जिथे प्रत्यक्ष अडायला होतं ते सांगतो.

आमच्या टीममध्ये एक माने आहेत, एक काळे आहेत आणि एक साने. पहिल्या कॉलला समोरचा माणूस त्यांना मेन, केल आणि सेन म्हणतो. मला आधी वाटायचं हे लोक लक्ष देत नाहीत, पण वरचं वाचून कळलं की तो बिचारा त्याच्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे लावतोय, एम-ए-एन-ई, शेवटचा ई गप्प. आपण रोमनमध्ये नावं लिहिताना ए म्हणजे आ आणि ई म्हणजे ए असं धरतो, म्हणजे जवळजवळ कॅक्सटनच्या आधीच्या पद्धतीने. आणि पुण्याचंच बघा, इंग्रजांनी पी-डबल ओ-एन-ए लिहिलं होतं ते त्यांच्या नियमात बसत होतं, १९७८ ला आपण पी-यू-एन-ई केलं, ते मराठीला धरून योग्यच आहे, पण नियम लावून वाचणारा त्याला 'प्यून' म्हणणार, ट्यून म्हणतो तसं. आता मी नवीन क्लायंटला मेल लिहितानाच नावापुढे उच्चार तोडून लिहितो, काम सोपं होतं.

दुसरं, ई-डी. आपल्याकडे सर्रास वॉकेड, जंपेड, आस्केड चालतं. आमच्या ट्रेनरने एकच गोष्ट सांगितली, शब्दाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच ई-डीला वेगळा अवयव (सिलॅबल, म्हणजे शब्दाचा एका दमात म्हणायचा तुकडा) म्हणून म्हणायचं, वॉन्टिड, नीडिड. बाकी ठिकाणी स्वर म्हणायचाच नाही. क, प, स, श, च, फ नंतर नुसता ट, म्हणजे वॉक्ट, जंप्ट, वॉश्ट. उरलेल्या ठिकाणी नुसता ड, प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. आपल्याला जोडाक्षरांची सवय असल्यामुळे 'जंप्ट' म्हणायला काही त्रास होत नाही, फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरं व्ही आणि डब्ल्यू. मराठीत एकच व. आपण लिहिताना व्हॅन आणि वॉच असा फरक करतो पण बोलताना बऱ्याचदा दोन्ही सारखंच. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला दात लावायचेच नाहीत, ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' म्हणून बघा, दात दिसले पाहिजेत की नाही ते लगेच कळतं.

भाषावेल्हाळ:
यात अजून एक जोडते, कारण फोनवर यानेच घोटाळा होतो. इंग्रजी बोलणारा माणूस शब्दाच्या सुरुवातीचा पी, टी, के म्हणताना बरोबर हवेचा झोत सोडतो. 'पिन' म्हणताना तोंडासमोर पातळ कागद धरला तर कागद हलतो, 'स्पिन' म्हणताना हलत नाही. आपण पिनला साधा प वापरतो, त्यामुळे त्यांना कधीकधी 'बिन' ऐकू येतं. आपल्या भाषेत प आणि फ, क आणि ख वेगळे असल्यामुळे हा झोत आपल्याला चांगला ऐकू येतो आणि मनात आणलं तर काढताही येतो, फळ म्हणताना ओठ मिटून फ काढतो त्याच्या अर्ध्यापर्यंत जायचं.

मराठी माणसाची अजून एक जमेची बाजू. चार मधला च आणि चाक मधला च वेगळे, जिना मधला ज आणि जागा मधला ज वेगळे, पण लिहिताना एकच अक्षर. कुणीही आपल्याला याचे नियम लिहून दिले नाहीत, तरी आपण अडखळत नाही. 'कमल' लिहिलेलं असतं पण शेवटच्या ल चा अ आपण म्हणत नाही. म्हणजे लिहिलेलं एक आणि वाचायचं एक ही गोष्ट मराठी मुलाला नवी नाहीच, फक्त ती जाणवून द्यायला हवी.

सदाशिवपेठी_अभ्यासिका:
सगळ्यांना नमस्कार, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, मूळ गाव लांब आहे, इथे अभ्यासिकेत बसतो. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम. लेखी इंग्रजी ठीक आहे, पेपर समजतो, पण मुलाखतीत एखादा मोठा शब्द आला की तो कुठे दाबून म्हणायचा ते कळत नाही आणि मग मी तो शब्दच टाळतो, सोपा शब्द वापरतो, आणि बोलणं अगदी शाळकरी वाटतं. वय २६ आहे. आता यातून सुधारणा होते का आणि कुठून सुरू करू? आणि ब्रिटिश धरू की अमेरिकन?

वाचनवेडी:
होते, नक्की होते. तुम्हाला अक्षरं वाचायची अडचण नाही, तुम्हाला आघात शिकायचाय, म्हणजे शब्दातला कोणता अवयव जोरात म्हणायचा. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, सगळे अवयव साधारण सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून आपण मोठे इंग्रजी शब्दही सपाट वाचतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर येतो आणि बाकीचे दबले जातात, दबलेल्या स्वराचा आवाज बहुतेक वेळा आपल्या अ सारखा ओझरता होतो. हा ओझरता अ इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा स्वर आहे आणि आपल्याकडे तो तयारच आहे, एवढं सोपं.

सुरुवातीला एकच नियम घ्या. शब्दाच्या शेवटी टी-आय-ओ-एन, आय-सी, आय-टी-वाय, आय-ए-एन यातलं काही असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर. एज्युकेशनमध्ये 'के' वर. इकॉनॉमिकमध्ये 'नॉ' वर. पॉसिबिलिटीमध्ये 'बि' वर. मुलाखतीत लागणारे शब्द, ॲडमिनिस्ट्रेशन, डेमोक्रॅटिक, इक्वॉलिटी, पॉलिटिशियन, सगळे याच एका नियमात बसतात. पॉलिटिक्स आणि ॲरिथमेटिक हे नाम म्हणून बसत नाहीत, तेवढे वेगळे लिहून ठेवा. शेपूट बदलली की जोर कसा सरकतो ते एका कुटुंबात बघा, फोटोग्राफ म्हणताना पहिल्या 'फो' वर, फोटॉग्रफर म्हणताना 'टॉ' वर, फोटोग्राफिक म्हणताना 'ग्रॅ' वर. टेबलावर बोटाने ठोका देत म्हणा.

दोन अवयवांच्या काही शब्दांत नाम आणि क्रियापद जोरावरून ओळखतात. रेकॉर्ड नाम असेल तर जोर पहिल्यावर, नोंदवणे या अर्थी क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. प्रेझेंट, ऑब्जेक्ट, कॉन्ट्रास्ट तसेच.

ब्रिटिश की अमेरिकन याचा आत्ता विचारच करू नका. मुलाखतीत समोरच्याला शब्द पहिल्या झटक्यात कळला पाहिजे, तेवढंच. आपण कार, डॉक्टर म्हणताना शेवटचा र म्हणतो, दक्षिण इंग्लंडमधले बहुतेक लोक म्हणत नाहीत, अमेरिकन म्हणतात, आपण म्हटला तर काही बिघडत नाही. आपला मराठी सूर आपला आहे, तो पुसायचा नाही. आघात चुकला तर मात्र शब्द ओळखूच येत नाही, म्हणून मेहनत तिथे घ्या. डिक्शनरीत उच्चाराच्या चौकटीत एक छोटी उभी रेघ वर दिलेली असते, ती रेघ ज्या अवयवाच्या आधी असते त्यावर जोर. अर्थ बघितला की ती रेघ बघायचीच.

हिंजवडी_शटल:
सदाशिवपेठी भाऊ, यात माझी एक भर. डेव्हलप, कमिटी, इव्हेंट, हॉटेल हे आपण पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हणतो, चारही ठिकाणी जोर दुसऱ्यावर आहे. 'कम्फर्टेबल' चार तुकड्यांत म्हणू नका, बहुतेक लोक तीनच म्हणतात, 'कम्फ-ट-बल'. आणि ए-टी-ई ने संपणारे शब्द, नाम-विशेषण असेल तर शेवट 'इट' सारखा, क्रियापद असेल तर 'एट'. ग्रॅज्युएट झालेला माणूस 'ग्रॅज्युइट', आणि होण्याची क्रिया 'ग्रॅज्युएट'. एस्टिमेट, सेपरेट तसेच. मराठीत बोलताना चॉकलेट, प्रायव्हेट खुशाल म्हणा, ते आता आपले शब्द आहेत.

निवृत्त_हेडसर:
चर्चा वाचतो आहे. वाचनवेडी यांची लाल पेनाची पद्धत मला पटली, डिक्टेशनमध्येही वापरता येईल, नातवावर सुरू करतो. मात्र एक मागणी आहे. शिक्षकांना सर्वांत जास्त त्रास डब्ल्यूनंतरच्या स्वरांचा होतो. मुलं वर्ड आणि वॉर्ड यांची स्पेलिंग हमखास उलटी करतात आणि आम्ही ओरडतो.

वाचनवेडी:
सर, नेमकं बोट ठेवलंत. मुलं उलटी करतात कारण ती तर्काने चालतात, ओ म्हणजे ऑ, म्हणून वॉर्डला ओ लावतात. पण डब्ल्यू शेजारच्या स्वराला ओढतो. डब्ल्यू-ओ-आर आला की 'वर्', वर्क, वर्ड, वर्ल्ड, वर्म, वर्थ, वर्स. डब्ल्यू-ए-आर आला की 'वॉर', वॉर, वॉर्म, वॉर्ड, रिवॉर्ड. आणि नुसता डब्ल्यू-ए आला की बहुतेक 'वॉ', वॉश, वॉच, वॉन्ट, वॉज, स्वॉन. क्यूयू मध्येही व चा आवाज असतो म्हणून क्वॉलिटी, क्वॉन्टिटी. तीन ओळी फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर ठेवा, पुसू नका. पुढे क किंवा ग चा आवाज आला की मात्र ए आपला ॲ-च राहतो, वॅक्स, वॅग.

सेमीवाली_आई:
मुलीने आज खोटे शब्द वाचले, तिला फार मजा आली, आता ती मला करून देते आणि मी वाचते. पण ई-ए वर गाडी अडली, बीड, ब्रेड, ग्रेट तिन्हीकडे ई-ए आणि तिन्ही वेगळे, यात नियम आहे का काही?

वाचनवेडी:
इथे पक्का नियम नाही, पण वाचायचा क्रम ठरवून देता येतो. ई-ए दिसला की आधी 'ई' म्हणून बघ, सी, टी, ईट, टीच, क्लीन, ड्रीम, बहुतेक शब्द इथेच सुटतात. ओळखीचा शब्द झाला नाही तर 'ए' आखूड म्हणून बघ, ब्रेड, हेड, डेड, वेदर, हेवी, ब्रेकफस्ट, यातले बरेचसे डीच्या आधीचे आहेत तेही दाखवा. आणि लांब 'ए' चे रोजच्या वापरातले तीनच, ग्रेट, ब्रेक, स्टेक, ते सरळ पाठ. पुढे आर आला की तो वेगळा गट, इअर, हिअर, निअर, आणि त्यात बेअर (अस्वल), वेअर (कपडे घालणे), पेअर (फळ) हे शब्द निराळे, ते पुढच्या आठवड्यात घ्या, एका दिवशी सगळं नको. आर-ई-ए-डी हा शब्द मात्र शेवटी ठेवा, तो वाक्य वाचल्याशिवाय रीड की रेड ते कळत नाही, म्हणून तो सुटा कधी विचारूच नका, वाक्यातच द्या.